वादळ दिसले, बार्ज हलला नाही

'तौक्ते' चक्रीवादळाचा माग काढण्यात हवामान खाते कमी पडले, असे त्याच्या टीकाकारांनाही म्हणता येणार नाही. 2021 च्या मे महिन्यात लक्षद्वीपच्या परिसरात उद्भवलेले हे वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकले व 17 तारखेच्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले. उपग्रह आणि रडार यांच्या आधारे त्याची वाटचाल दर काही तासांनी जाहीर होत होती. मच्छीमारांना आधीच माघारी बोलावण्यात आले होते.

असे असूनही मुंबईनजीकच्या तेलक्षेत्रात 'पी-305' हा बार्ज 261 माणसांसह भर समुद्रातच राहिला. त्याला स्वतःचे इंजिन नव्हते. ओढनौकेने ओढल्याखेरीज तो हलणे अशक्य. नांगर तुटले, बार्ज भरकटला आणि 17 च्या संध्याकाळी बुडाला. 'वरप्रदा' ही ओढनौकाही गेली. नौदलाने शर्थ करून बार्जवरील 186 जणांना वाचविले. दोन्ही नौकांवरील मिळून ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली.

वादळ आधी दिसणे आणि त्यातून माणूस वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1970 च्या नोव्हेंबरात पूर्व पाकिस्तानवर चाल करून आलेले वादळ उपग्रहाला दिसले होते; तरीही किमान तीन लाख लोक मेले. ओरिसात 1999 साली सुमारे दहा हजार बळी गेले. त्याच राज्यात 2013 साली 'फायलिन' आले, तेव्हा मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली. कारण शासनाने निवारे बांधले होते आणि लाखो लोकांना स्वतः हलविले होते. गावकऱ्याने आपल्या खर्चाने निघून जावे, अशी अपेक्षा ठेवली नव्हती.

तेलक्षेत्रात मात्र निर्णय कंत्राटाच्या हाती असतो. बार्ज बंदरात आणायचा तर कामाचे दिवस बुडतात, ओढनौकेचा खर्च चढतो. हा हिशेब मांडणारा किनाऱ्यावर बसतो आणि जोखीम वेल्डर-फिटरच्या वाट्याला येते. (अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याला 'बाह्य परिणाम' असे सौम्य नाव आहे!) 'मला किनाऱ्यावर न्या' असे म्हणण्याचा अधिकार त्या कामगाराला कोणत्या कलमाने दिला होता?

म्हणून इशारा ठराविक पातळीला पोहोचताच कामगारांना किनाऱ्यावर आणण्याचे बंधन प्रत्येक कंत्राटात असले पाहिजे आणि त्या दिवसांची मजुरीही मिळाली पाहिजे. अरबी समुद्रातील वादळांचे मुख्य हंगाम दोन, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. कामगार संघटनांनी ही मागणी त्यापूर्वीच्या वाटाघाटींत ठेवावी.