हट्ट नव्हे, हालचालीची अडचण

स्वमग्न मूल शर्टाचे बटण लावत नाही, चेंडू झेलत नाही, तेव्हा घरात त्यास हट्ट किंवा आळस म्हटले जाते. वास्तविक, लिओ कॅनर यांनी १९४३ साली स्वमग्नतेचे जे वर्णन केले, त्यातही काही मुलांच्या चालण्यातील बेढबपणाची नोंद आहे. मात्र निदानाच्या मुख्य निकषांत ही अडचण नाही आणि पालकांचे लक्ष बोलण्याकडे असते. त्यामुळे ती दुर्लक्षित राहते.

अनेकदा हातात बळ असते. परंतु हालचालींचा क्रम जुळवणे आणि पाहून अनुकरण करणे मुलास कठीण जाते. म्हणून नुसते ‘बघ आणि कर’ पुरत नाही. बटण काजातून अर्धे आपण घालावे, शेवटचे ओढणे मुलाकडे सोपवावे. ते जमले, की त्याच्या आधीची पायरीही त्यालाच करू द्यावी. कणीक मळणे, मटार सोलणे यांतूनही बोटांना सराव मिळतो.

मूल सतत चवड्यांवर चालत असेल, तर पोटरीचे स्नायू आखडू शकतात. बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत तपासणी व उपचार विनामूल्य होतात. वारंवार रागावल्यास मूल प्रयत्नच सोडून देते, हे पालकांनी ध्यानी ठेवावे.