खोडदच्या तबकड्या, पेशींतला प्रकाश

जुन्नर तालुक्यातल्या खोडद परिसरात 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची रेडिओ दुर्बीण खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या ध्यासातून उभी राहिली. दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी वातावरणाच्या आयनांबर या वरच्या, विद्युतभारित थरात वेड्यावाकड्या होतात. ती विकृती गणिताने मोजून काढून टाकली, की चित्र स्पष्ट होतं. जिवंत ऊतींत शिरलेल्या प्रकाशाची गत याहून बिकट: पेशीपेशीवर विखुरत तो मिलिमीटरभरातच दिशा हरवतो. ही विकृती ओळखायला सूक्ष्मदर्शकांत आता मशीन लर्निंग आलं आहे. धूसर आणि स्वच्छ चित्रांच्या जोड्यांवरून ते शिकतं. मात्र शिकलेलं यंत्र मुळात नसलेली पेशीही रेखाटू शकतं, आणि मला काळजी आहे ती याचीच. खोडदच्या शेजारच्या मंचर-घोडेगावच्या रुग्णापर्यंत हे तंत्र येईल तेव्हा त्याची प्रत्यक्ष ऊतींशी पडताळणी आधीच झालेली हवी.