सहा व्होल्टची बदनामी

पावसाळ्यात कपिलधारच्या उतारावर जुनी जावा बंद पडली, की ‘६ व्होल्टचा जमाना गेला’ म्हणत मूळ डायनॅमो काढून १२ व्होल्टचा संच बसवण्याची जी घाई चालते, तिला आमचा ठाम विरोध आहे. तेवढ्याच शक्तीसाठी ६ व्होल्टला दुप्पट प्रवाह लागतो. त्यामुळे एकाच गंजलेल्या सांध्यात वाया जाणाऱ्या व्होल्टचे प्रमाण चौपट होते. यात डायनॅमोचा अपराध कोणता? अर्थिंगचा सांधा घासला का? पॉइंट, कंडेन्सर तपासले का? दिवा लावून बॅटरीचे अर्थिंगचे टोक आणि इंजिन यांमधील व्होल्ट मोजले का? (मीटर तर हल्ली प्रत्येक गॅरेजात लोंबकळत असतो.) म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला, भंगारात घातलेला डायनॅमो तिथून पुन्हा येणार नाही.