अवघड सुरुवात म्हणजे मार्गाचा दोष नव्हे

“क्रॅकची सुरुवात अवघड आहे ना, मग खाली एक बोल्ट ठोकून टाका. एकच तर बोल्ट!” प्रस्तरारोहण करणाऱ्यांकडून हे मी अनेकदा ऐकतो. मला ते मान्य नाही.

त्यांचा मुद्दा खोटा नाही. पहिला नट किंवा कॅम बसेपर्यंत दोर असून नसल्यासारखा असतो. तो बसल्यावरही पडलात तर दोर ताणतो आणि पाय जमिनीवर आदळतात. घोटा मोडायला दहा फूटही पुरतात. पण म्हणून खडकाला भोक पाडायचा हक्क मिळतो का?

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीत ‘सेरेनिटी क्रॅक’ हा प्रसिद्ध मार्ग आहे. पूर्वीचे आरोहक तिथे पिटॉन ठोकत आणि जाताना काढून नेत. त्या ठोकाठोकीने ग्रॅनाइटची बारीक भेग जागोजागी फुटून रुंद झाली. आज लोक त्याच खळग्यांत बोटे घालून वर चढतात. यावर काही जण म्हणतात, “बघा, नुकसानीतूनच मार्ग मिळाला!” मिळाला खरा. पण मूळची भेग कशी होती, हे आता कुणालाच पाहता येणार नाही.

ही हानी ओळखून १९७२ साली इव्हॉन शुईनार्ड आणि टॉम फ्रॉस्ट यांनी आपल्याच कंपनीच्या कॅटलॉगमध्ये पिटॉनविरुद्ध लिहिले. पिटॉन हा त्यांचा मुख्य धंदा होता. तरीही हाताने बसवता आणि काढता येणारे नट वापरा, असे त्यांनी गिऱ्हाइकांना सांगितले. त्या काळच्या लोकांना आधी कल्पना नव्हती, असे म्हणता येईल. आपल्याला ती सबब उरलेली नाही.

सह्याद्रीचा दाखला इथे चालणार नाही. आपला बेसॉल्ट अनेक ठिकाणी ठिसूळ आहे. जिथे भरवशाची भेगच नाही, तिथे बोल्टचा विचार समजू शकतो. पण भक्कम भेग समोर असताना शेजारी ड्रिल चालवणे हा निव्वळ आळस आहे.

“नवख्यांना संधी नको का?” हा सर्वांत गोड युक्तिवाद. समतेची भाषा मला प्रिय आहे, म्हणूनच तिचा असा वापर खटकतो. नवख्याला खरी अडचण येते ती महागड्या कॅमची आणि शिकवणाऱ्याच्या अभावाची. सामान उसने द्या, फुकट शिकवा, सुट्टीचा एक दिवस त्याच्यासाठी मोडा. यातले काहीच न करता बोल्ट ठोकून मोकळे होणे सोपे आहे.

सुरुवात जमत नसेल तर खाली क्रॅश पॅड टाका, सोबत्याला पाठीशी उभे करा, वरून दोर लावून सराव करा. तरीही नाही जमले तर परत फिरा. त्यात कमीपणा कसला?

आमच्या घरात दुसऱ्याच्या ठेवीला अमानत म्हणतात. ती जशी मिळाली तशीच परत करायची असते. हा खडक उद्या येणाऱ्यांची अमानत आहे, आणि ती अवघड सुरुवातही त्यांचीच आहे.