परक्या देवाचं रान

पुढच्या महिन्यात प्रोजेक्टसाठी टोकियोला जातोय. तिथल्या मेइजी जिंगू या शिंतो देवस्थानात जावं का, यावर मित्रांचे दोन तट पडलेत. एक म्हणतो, परक्याचा देव कशाला? दुसरा म्हणतो, मुळात देवच कशाला?

दोघेही झाडं विसरतात. सम्राट मेइजींच्या नावाने १९२० साली हे देवस्थान झालं, तेव्हा देशभरातून लोकांनी दिलेली सुमारे १ लाख झाडं ७० हेक्टरांवर लावली गेली. पंतप्रधान ओकुमांना तिथे उंच, भव्य सुगी (जपानी सीडर) हवे होते. वनतज्ज्ञ होंडा सेइरोकू अडून बसले : शहराच्या धुरात तगतील तीच झाडं लावायची. आणि तीच लागली. आजही वाटेवरचा पालापाचोळा झाडून परत रानातच टाकतात.

आणि आपण? हातखंब्यात महामार्गासाठी झाडं पडली की निदान हळहळतो तरी. पण कोकणात जीर्णोद्धार म्हणून कौलारू देऊळ पाडून स्लॅब ओततात, देवराई तोडून गाड्या लावायला जागा करतात, तेव्हा टाळ्या वाजवतो.

मी जाणार. तुम्हीही जा. पण तिथून ‘काय शांतता!’ अशी रील टाकणाऱ्याने गावच्या देवळाची पावती फाडण्याआधी एवढं विचारावं : झाडं किती तोडणार?