आपल्याच शहरातले पाहुणे

मे महिन्यातील किंवा नाताळच्या सुटीतील एखाद्या रविवारी सकाळी डोंबिवली स्थानकाच्या पुलावर जी गर्दी दिसते ती रोजची नसते. हातात पाण्याच्या बाटल्या, पिशवीत पोळीभाजीचे डबे, ठेवणीतले कपडे घातलेली मुले आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरणारी आजी, असा तिचा थाट असतो. कुटुंबप्रमुखाच्या खिशात महिन्याचा पास असतो. बाकीच्यांची तिकिटे काढण्यासाठी तो रांगेत उभा राहतो. कल्याण, डोंबिवली, ठाणे या शहरांतील हजारो कुटुंबे वर्षाकाठी एक-दोनदा अशी घराबाहेर पडतात. त्यांना मुंबई पाहावयाची असते.

यात एक मोठा विरोधाभास आहे. ज्या गृहस्थाच्या भरवशावर ही मंडळी निघालेली असतात, तो गेली वीस-पंचवीस वर्षे रोज मुंबईला जात असतो. मुंबई त्याला तळहातासारखी ठाऊक असणार, अशी घरच्यांची समजूत असते. प्रत्यक्षात त्याला ठाऊक असते ती फलाटापासून कचेरीच्या उद्वाहनापर्यंतची मुंबई : स्थानकासमोरचा भुयारी मार्ग, कोपऱ्यावरचा चहावाला, उशीर झाला तर कोणत्या गल्लीतून गेल्यास दोन मिनिटे वाचतात याचा हिशेब. वस्तुसंग्रहालयाचा रस्ता त्याला पोलिसाला विचारावा लागतो आणि मुलगी आश्चर्याने वडिलांकडे पाहते. सकाळी सातची गाडी पकडून रात्री आठला घरी परतणाऱ्या माणसाने राजाबाई टॉवर उभा राहून केव्हा पाहावा?

आगगाडीचा जन्म मात्र सहलीतच झाला होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी सुटली, तिच्या चौदा डब्यांत सुमारे चारशे निमंत्रित होते आणि त्यांतील कोणालाही ठाण्यात काही कामकाज नव्हते. चौतीस किलोमीटरचा तो प्रवास हेच प्रेक्षणीय स्थळ होते. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, रूळ कल्याणपर्यंत पोचले. तेव्हा मुंबईकर ठाण्याकडे हवापालटासाठी येत असत. आज गाडी उलट्या दिशेने भरून जाते आणि आठवड्यातील सहा दिवस तिच्यात बसलेल्याला, किंवा खरे तर उभे राहिलेल्याला, खिडकीबाहेर पाहण्याइतकीही जागा नसते. मुलांच्या दृष्टीने या प्रवासातला सर्वांत मोठा आनंद पूर्वी पारसिकचा बोगदा हा होता. १९१६ साली खुल्या झालेल्या त्या बोगद्यात गाडी शिरली की डब्यातील सगळी मुले एका सुरात ओरडत. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी व सहावी मार्गिका सुरू झाली, जलद लोकल मुंब्र्यावरून जाऊ लागल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या वाट्याला गेला. मुलांचा हा एक हक्क गेला, त्याची नोंद कोणत्याही अहवालात असणार नाही.

या कुटुंबातील आजोबांची कथा याहून वेगळी, आणि अधिक बोचणारी आहे. ते मुंबई पाहावयास निघालेलेच नाहीत. ते गिरगाव, लालबाग किंवा परळ येथे परत चालले आहेत. आजच्या डोंबिवलीतील जुन्या मराठी घरांची मुळे शोधू गेले तर ती पुष्कळदा दक्षिण मुंबईतल्या एखाद्या चाळीत सापडतात. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले, पण पुढे भाड्याची नवी घरे बांधण्यात कोणाला रस उरला नाही. जुन्या खोलीसाठी पागडी मोजण्याची ऐपत कारकुनाला वा शिक्षकाला नव्हती. एका खोलीत दोन भावांचे संसार मावेनात, तेव्हा धाकट्याने भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन डोंबिवलीत मालकीची दोन खोल्यांची जागा घेतली. हे साठ आणि सत्तरच्या दशकांत घडले. नंतर १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही आणि अनेकांची नोकरी मात्र परत आली नाही. परळ-लालबागची घरेही मग कल्याणपलीकडे सरकू लागली. गिरण्यांच्या जमिनींवर काय उभे राहिले, ते आता आकाशाकडे मान वर केल्यावाचून पाहता येत नाही.

गिरगावात उतरल्यावर हे आजोबा नातवंडांना 'आमची चाळ येथे होती' असे म्हणून बोट दाखवतात, तेव्हा समोर चाळीस मजल्यांची इमारत असते आणि तिच्या फाटकावरचा रखवालदार त्यांच्याकडे संशयाने पाहतो. ज्या अंगणात त्यांनी गणपतीपुढे नाटकात काम केले, तेथे आता मोटारींचा तळ आहे. 'मुंबई दर्शन'च्या कोणत्याही बसगाडीचा थांबा येथे नाही. गेटवेसमोर हेच आजोबा तासभर गप्प असतात. येथे मात्र पंधरा मिनिटे अखंड बोलतात.

गेटवेचे दर्शन अर्थात चुकत नाही. पंचम जॉर्ज बादशहा १९११ च्या डिसेंबरात मुंबईत उतरला, तेव्हा त्याच्या स्वागताला या कमानीची केवळ पुठ्ठ्याची प्रतिकृती होती. दगडी वास्तू १९२४ मध्ये पुरी झाली. त्यानंतर चोवीस वर्षांच्या आत, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीत बसून मायदेशी गेली. स्वागतासाठी बांधलेल्या दाराचा निरोपासाठी इतक्या लवकर उपयोग झाल्याची उदाहरणे जगात फार नसावीत. शाळेत ही सनावळी शिकवणाऱ्या शिक्षकालाही येथे उभे राहिल्यावर ती आठवत नाही, कारण त्याचे लक्ष मुलांचे हात धरण्यात, छायाचित्र काढून देणाऱ्यांना चुकवण्यात आणि स्वच्छतागृह कोठे आहे हे शोधण्यात गुंतलेले असते. विशेषतः बायकांची आणि वृद्धांची या बाबतीत जी कुचंबणा होते, तिच्यामुळे पुष्कळ घरांतील सहल दुपारीच आटोपती घ्यावी लागते. सकाळपासून पाणी न पिणे हा तिच्यावरचा घरगुती उपाय आहे आणि मे महिन्यात तो धोक्याचा आहे.

पाण्याचेही तसेच. एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या धनिकांनी रस्तोरस्ती पाणपोया बांधल्या. फोर्टात रतनसी मुळजी यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ बांधलेली पाणपोई तर शिल्पाचा नमुना म्हणून दाखवावी अशी आहे. काही पाणपोयांचा अलीकडे जीर्णोद्धार झाला, ही चांगली गोष्ट होय. परंतु तहानलेल्या माणसाला वारशापेक्षा तोटी महत्त्वाची वाटते. पाच माणसांच्या कुटुंबाला दिवसभरात पाण्याच्या बाटल्यांवर जो खर्च करावा लागतो, तो कधीकधी लोकलच्या तिकिटांहून अधिक भरतो. कल्याणहून मुंबईपर्यंतचे दुसऱ्या वर्गाचे भाडे पंधरा रुपये. इतक्या स्वस्तात माणसाला शहरात आणावयाचे आणि मग प्रत्येक घोटाला दाम मागावयाचा, असा हा व्यवहार आहे.

वस्तुसंग्रहालयाच्या दारात या कुटुंबाची खरी कसोटी लागते. १९२२ साली लोकांसाठी उघडलेली आणि १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखली जाणारी ही संस्था देशातील उत्तम संग्रहालयांपैकी एक आहे. ती स्वतःच्या पायावर उभी आहे आणि तिकिटाच्या उत्पन्नाची तिला गरज आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही खिडकीवरील दरपत्रक वाचून, बोटांवर गुणाकार करून, 'पुन्हा केव्हातरी पाहू' असे म्हणत मागे फिरणारी कुटुंबे तेथे दिसतात. ब्रिटनने आपल्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायम दालनांचे प्रवेशशुल्क २००१ मध्ये रद्द केले आणि तूट सरकारी तिजोरीतून भरून काढली. महाराष्ट्र शासनाला वर्षातील निदान बारा रविवारांचा भार उचलता येऊ नये काय? भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विन आल्यानंतर २०१७ साली शुल्क एकदम पाचावरून पन्नास रुपयांवर नेले, तेव्हा महापालिकेवर टीका झाली, ती योग्यच होती. पण त्याच वेळी आईवडील आणि दोन मुले मिळून शंभर रुपये असा दर ठरवण्याचे शहाणपणही तिने दाखवले. कुटुंब हा एक घटक मानून दर आकारण्याची ती दृष्टी इतरांनी घेण्याजोगी आहे. मत्स्यालयाचा प्रश्न निराळाच झाला. १९५१ सालचे तारापोरवाला मत्स्यालय २०२० च्या साथीत बंद झाले आणि आजोबांनी ज्याचे वर्णन करून मुलांना आणले, ते त्यांना दाखवताच येत नाही.

मलबार टेकडीवर मार्च २०२५ मध्ये झाडांमधून जाणारी उन्नत पायवाट सुरू झाली. शुल्क भारतीय नागरिकाला पंचवीस रुपये आहे, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. परंतु जागा आधी भ्रमणध्वनीवरून आणि तासाच्या हिशेबाने राखून ठेवावी लागते. अकराची वेळ ठरवून डोंबिवलीहून निघालेल्या माणसाने अकराला मलबार टेकडीवर पोचावे, ही अपेक्षा ज्यांनी धरली त्यांनी रविवारी मध्य रेल्वेने प्रवास केलेला नसावा. रविवारचे वेळापत्रक मुळात कमी गाड्यांचे. त्यात देखभालीसाठी 'मेगाब्लॉक'. माटुंगा ते मुलुंड जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवल्या जातात. घोषणेत पंधरा मिनिटांचा उशीर असतो, फलाटावर तो पाऊण तासाचा होतो. कचेरीची गर्दी एकट्या, धडधाकट माणसांची असते. ती लोंबकळूनही जाते. सहलीची गर्दी पाच माणसांची साखळी असते. तीतील आजी मागे राहिली तर सगळे मागे राहतात.

देखभाल नको, असे कोणी म्हणणार नाही. शेवटची गाडी मध्यरात्रीनंतर जाते, पहिली पहाटे चारच्या सुमारास सुटते. मधल्या अडीच-तीन तासांत रूळ, खांब, तारा यांची कामे उरकत नाहीत. मुंब्र्याजवळ ९ जून २०२५ रोजी दोन गाड्या शेजारून जात असताना दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काही प्राणांस मुकले. अशा मार्गावर सुरक्षिततेच्या कामात कसूर करा, असा आग्रह धरणे गुन्हा ठरेल. मागणी एवढीच आहे की, शाळांच्या मोठ्या सुट्यांतील रविवारांच्या ब्लॉकचे वेळापत्रक आठवड्याऐवजी तीन महिने आधी जाहीर व्हावे आणि महिन्यातील एखादा रविवार मोकळा राखता येईल काय, हे रेल्वेने प्रामाणिकपणे तपासावे. नोकरदाराची गाडी चुकली तर पगार कापला जातो म्हणून त्याची दखल घेतली जाते. मुलाची सहल चुकली तर कोठेच काही कापले जात नाही.

येथे प्रश्न केवळ रेल्वेचा राहत नाही. मुंबई महापालिका उद्याने, पदपथ, स्वच्छतागृहे बांधते ती आपल्या मतदारांसाठी. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख आणि ठाणे महापालिकेची अठरा लाखांवर होती. यांतील नोकरदार मुंबईच्या कचेऱ्या, बँका, रुग्णालये चालवतात, पण मुंबईच्या नगरसेवकाला त्यांचे मत नाही. १९७५ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले ते नेमक्या याच भिंती ओलांडण्यासाठी. त्याची ओळख आज पुलांवरून आणि मेट्रोवरून होते. प्रदेशातल्या माणसाने सुटीचा दिवस कसा घालवावा, हा विषय त्याच्या पटावर ठळकपणे कधी आलेला दिसत नाही. तेरा हजार कोटींहून अधिक खर्चाचा सागरी किनारा मार्ग २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. तो मुख्यतः मोटारवाल्यांचा आहे. दुचाकीलासुद्धा त्यावर प्रवेश नाही. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोचली आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला तिचे स्थानक आहे. लोकलमधून उतरलेल्या कुटुंबाला तिचा उपयोग होईल. लोकल, मेट्रो आणि 'बेस्ट' या तिन्हींसाठी मिळून दिवसभराचे एक कुटुंबतिकीट काढले, तर तो उपयोग दुप्पट होईल.

कोणी म्हणेल, मुंबईलाच कशाला जावयाचे? कल्याणला दुर्गाडी आहे. १६५७ साली शिवरायांनी कल्याण घेतले आणि येथल्या खाडीत आपल्या आरमाराची सुरुवात केली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. मासुंदा तलावाच्या काठी संध्याकाळ बरी जाते. हे सगळे खरे आहे आणि त्याची निगा राखण्यात येथल्या महापालिका कमी पडतात, हेही खरे आहे. पण समुद्र कल्याणला नाही.

म्हणून दिवसाचा शेवट चौपाटीवर होतो. लोकमान्यांच्या पुतळ्याजवळ चपला काढून मुले वाळूत धावतात, भेळेचे पाच कागद येतात आणि सकाळपासूनची चिडचिड बरीचशी मावळते. नातवाला दुमजली बसने परत जावयाचे असते. १९३७ पासून धावणारी जुनी लाल गाडी सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. विजेवरच्या नव्या वातानुकूलित गाड्या आल्या आहेत, पण थोड्या. अर्धा तास वाट पाहून कुटुंब साध्या बसने टर्मिनसला येते. कल्याणची जलद गाडी लागलेली असते. आजींना बसावयास जागा मिळते, मुले तिच्या मांडीवर झोपी जातात आणि वडील सवयीने दाराजवळ जाऊन उभे राहतात. दुसऱ्या दिवशी सोमवार असतो.