हिशेबतपासनिसाचे बळ

जमाखर्च म्हटला की पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडतात. हिशेब तपासणारा म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढणारा, अशी सर्वसाधारण समजूत असते. आम्हांस मात्र तो सार्वजनिक शेताचा राखणदार वाटतो. कारण कुंपणच शेत खाऊ लागले, तर ते प्रथम त्याच्याच नजरेस पडावयाचे.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात हा राखणदार लोक स्वतः निवडतात. तेथील 1889 च्या राज्यघटनेनेच तशी तरतूद केली. क्लिफ येली हे गृहस्थ 1933 पासून 1965 पर्यंत, म्हणजे तब्बल 32 वर्षे, या पदावर होते. दर चार वर्षांनी त्यांना लोकांपुढे उभे राहावे लागे. इतरांचा हिशेब पाहणाऱ्याचाही हिशेब लोकांनी घ्यावा, ही कल्पना कोणासही मोह पाडील.

परंतु मते मागणाऱ्यास मित्र जोडावे लागतात, आणि मित्रांची वही तपासताना हात आखडण्याचे भय असते. आपल्या घटनाकारांनी निराळी वाट धरली. आपल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांची नेमणूक राष्ट्रपती करतात. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांप्रमाणेच त्यांना सहजासहजी दूर करता येत नाही. आणि पद सोडल्यावर त्यांना सरकारी नोकरीही पत्करता येत नाही. मग त्यांनी कोणाची भीड का धरावी? डॉ. आंबेडकरांनी 1949 साली घटनासमितीत त्यांचे कार्य न्यायसंस्थेच्या कार्याहूनही महत्त्वाचे मानले होते.

आम्हांस हीच वाट अधिक पसंत आहे. मात्र तीत एक उणीव राहते. तपासनीस आपण निवडलेला नसतो, म्हणून त्याचे काम आपल्यासाठी आहे, हेच आपण विसरतो.

आमच्या जोयडा तालुक्यात वाड्या रानात विखुरलेल्या. पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेत येणाऱ्या मुलाला साकव हवा असतो. वहीत लिहिलेला साकव त्याला पैलतीरी नेत नाही. दिल्लीचा तपासनीस प्रत्येक ओढ्यापाशी कसा येणार? तेथे राहणाराच खरे काय ते सांगू शकेल. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेस कामांची तपासणी करण्याचा अधिकार दिला, तो याच विचाराने.

विद्यार्थिमित्रहो, वयाच्या अठराव्या वर्षी आपणही ग्रामसभेत बसाल. तोवर वर्गाच्या सहलीचा जमाखर्च नीट लिहा आणि तो सर्वांपुढे वाचून दाखवा. जो स्वतःचा हिशेब न मागता देतो, त्यालाच दुसऱ्याचा मागण्याचे बळ येते.